घोडा शिकविण्याचे मैदान

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्यास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथून जातिवंत घोडा घरी आणणारे शेतकरी बंधू त्याच्या दाणावैरणीची व तबेल्याची तजवीज मनापासून करितात. परंतु ज्या भूमीवर त्यास रोज फिरवावयाचे, तिचा विचार क्वचितच होतो. घोड्याच्या पायात गुडघ्याखाली मांसल भाग जवळजवळ नसतो; सारा भार हाडे व कंडरा यांवर पडतो. कठीण भूमीवर सांध्यांस हादरे बसतात, तर खोल वाळूत कंडरा ताणतात. दुखावलेली कंडरा भरून येण्यास कित्येक महिने लागतात, आणि प्रसंगी उमदे जनावर कायमचे लंगडे होते.

घरच्या कामास 20 × 40 मीटरचे मैदान पुरे होते. त्यास सुमारे 8 गुंठे जागा लागते व काव्याची 20 मीटर व्यासाची दोन मंडळे त्यात बसतात.

आमच्या मते वरील वाळूपेक्षा खालच्या पायाचे महत्त्व अधिक आहे. काळी जमीन पावसाने फुगते व उन्हाने भेगाळते. तिजवर नुसती वाळू पसरल्यास पावसाळ्यात वाळू व चिखल एक होऊन केलेला खर्च अक्षरशः मातीत जातो. यास्तव उंचवट्याची जागा निवडावी. उन्हाळ्यात वरची फूटभर माती काढून ती शेतात पसरावी. आणि चढाच्या अंगास चर खणून बाहेरचे पाणी वळवावे. उघड्या पडलेल्या जमिनीवर जिओटेक्स्टाइल कापड अंथरावे, म्हणजे खालची माती वर चढत नाही. त्यावर मुरुमाचे थर पाणी मारून व रोलर फिरवून दाबावेत. दाबलेला थर निदान 6 इंचांचा हवा व त्यास 100 फुटांस 1 फूट असा उतार असावा. हा पाया एक पावसाळा तसाच ठेवावा. जेथे पाणी साचेल वा खचेल, तेथे दुरुस्ती करून दिवाळीनंतर वाळू टाकावी.

वाळू धुतलेली व कोनदार कणांची असावी. गोल कण टापेखाली घसरतात. बाटलीत वाळू व पाणी घालून हलवावे. वर गाळाचा जाड थर बसल्यास ती वाळू नाकारावी, कारण तिची धूळ घोड्याच्या छातीत जाते. प्रथम 2 इंचच वाळू टाकावी. कमी पडल्यास भर घालता येते, परंतु जास्त झालेली काढणे कष्टाचे असते.

पुढे नित्य लीद उचलावी, कोरड्या दिवसांत पाणी शिंपडावे व कडेस सरकलेली वाळू फळीने सारखी करावी. 20 × 40 मीटरच्या मैदानास मुरूम दाबून सुमारे 120 घनमीटर लागतो, म्हणून खर्च थोडा नाही. हात आखडता घ्यावयाचाच झाल्यास तो कुंपणात घ्यावा, पायात घेऊ नये.