निकाह, जलसा, शाळेचं गॅदरिंग: घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ एडिटिंग कसं करावं?

निकाहचे, अकिक्याचे, मुलाच्या नाज़रा कुरआन पूर्ण झाल्याचे, शाळेच्या गॅदरिंगचे शेकडो व्हिडिओ आज प्रत्येक घरातल्या मोबाइलमध्ये पडलेले असतात. नंतर मोबाइल भरतो, कोणीतरी घाईघाईत डिलीट करतं, नाहीतर मोबाइलच पाण्यात पडतो. मग दादीने तिच्या लहानपणाची गोष्ट सांगितलेली ती पाच मिनिटं कायमची जातात. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद असो की उमरखेड, दिग्रस असो की दारव्हा, खूप घरांमध्ये आता एक साधा लॅपटॉप असतो. तेवढ्यावर बरंच काम होतं. महागडं सॉफ्टवेअर नको, क्लास लावायची गरज नाही. कामाचा क्रम मात्र नीट माहीत पाहिजे.

मालेगावने काय शिकवलं?

मालेगावचे नासिर शेख यांनी 2000 साली "मालेगाव के शोले" बनवला. यंत्रमागाच्या या गावातल्या हौशी मंडळींनी तेव्हा दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून एडिटिंग केलं. एका व्हीसीआरवर कॅसेट चालवायची आणि दुसऱ्यावर हवा तेवढाच तुकडा रेकॉर्ड करायचा. मधला एक शॉट चुकला तर तिथून पुढचं सगळं पुन्हा करावं लागे. त्यांच्या "मालेगाव का सुपरमॅन"च्या धडपडीवर फैज़ा अहमद खान यांनी माहितीपट काढला, आणि 2025 मध्ये रीमा कागती यांचा "सुपरबॉइज ऑफ मालेगाव" थिएटरमध्ये लागला.

कॉम्प्युटरवर ही अडचण राहिली नाही. आपण टाइमलाइनवर क्लिप कापतो तेव्हा मूळ फाइल कापली जात नाही. "या फाइलमधलं दहाव्या सेकंदापासून विसाव्यापर्यंत दाखव" एवढीच सूचना प्रोजेक्टमध्ये नोंदली जाते. म्हणून कापायला घाबरू नका. पण याच कारणाने मूळ फाइल हलवली, तिचं नाव बदललं किंवा ती डिलीट केली, तर प्रोजेक्टला ती सापडत नाही आणि "फाइल मिसिंग" येतं. निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

आधी जपणूक, मग कात्री

फुटेज ही अमानत आहे असं समजा. कार्यक्रम झाला की त्याच रात्री मोबाइलमधून कॉम्प्युटरवर घ्या, आणि केबलने घ्या. व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीने मागवलेला व्हिडिओ दबून येतो, त्यातला बारकावा गेलेला असतो. पाठवणारा लांब असेल तर त्याला "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. त्या पद्धतीने 2 जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी येते.

एका कार्यक्रमाचं एक फोल्डर करा. नावाची सुरुवात तारखेने करा, उदाहरणार्थ "2025-02-16-निकाह". आत चार फोल्डर: मूळ, आवाज, प्रोजेक्ट, तयार. "मूळ"मधल्या फाइलला हात लावायचा नाही. सॉफ्टवेअर उघडायच्या आधीच हे फोल्डर बनवा.

मग तीन प्रती: एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे गुगल ड्राइव्हवर, नाहीतर भावाच्या, मामूच्या घरी. हार्डडिस्क कधी बंद पडेल ते सांगून येत नाही.

घरात जुन्या व्हीएचएस कॅसेट असतील तर त्यांची घाई करा. फुनाई ही जपानी कंपनी व्हीसीआर बनवणारी शेवटची होती, तिनेही 2016 मध्ये उत्पादन बंद केलं. पावसाळ्याच्या दमट हवेत टेपला बुरशी लागते. बुरशी दिसत असेल तर कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, टेप आणि मशीन दोन्ही खराब होतील. चालू स्थितीतला व्हीसीआर आणि यूएसबी कॅप्चरचं छोटं यंत्र मिळालं तर घरीच डिजिटल प्रत होते. त्यात सेटिंग "पाल" आणि 25 फ्रेम ठेवा, कारण आपल्याकडच्या कॅसेट त्याच पद्धतीच्या आहेत. चित्रात हलत्या वस्तूच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर एडिटिंग करताना "डीइंटरलेस" करा.

सॉफ्टवेअर कोणतं?

शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही दोन्ही पूर्ण मोफत आहेत आणि व्हिडिओवर स्वतःचा शिक्का उमटवत नाहीत. नवख्याने शॉटकटपासून सुरुवात करावी. विंडोज 11 मध्ये क्लिपचॅम्प आधीपासूनच असतं, छोट्या कामाला तेही चालतं. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती फार ताकदवान आहे, पण 16 जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तरच तिच्या नादी लागा. "क्रॅक" केलेलं महागडं सॉफ्टवेअर कोणी फुकट देत असेल तर घेऊ नका. त्यासोबत व्हायरस येतो, आणि दुसऱ्याची मेहनत न विचारता वापरणं हेही योग्य नाही.

कामाचा क्रम

1. सगळं फुटेज एकदा शांतपणे बघा. कागदावर वेळ आणि मजकूर लिहा: "क्लिप 4, 2 मिनिट 10 सेकंद, नानाजान हसतात." हा कागद पुढे खूप वेळ वाचवतो.

2. मोबाइलचे व्हिडिओ बऱ्याचदा कमीजास्त फ्रेम गतीने रेकॉर्ड होतात. त्यामुळे लांब क्लिपमध्ये ओठ आधी आणि आवाज मागून असं होतं. शॉटकट अशी फाइल ओळखून बदलून घ्यायचं सुचवतं, तेव्हा "हो" म्हणा. दुसरा उपाय म्हणजे हॅन्डब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये "कॉन्स्टंट फ्रेमरेट" निवडून नवी प्रत काढा. मूळ फाइल तशीच ठेवा.

3. लॅपटॉप अडखळत असेल तर "प्रॉक्सी" सुरू करा. सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची हलकी, छोटी नक्कल बनवतं. काम त्या नकलेवर होतं, आणि शेवटी एक्सपोर्ट करताना मूळ मोठी फाइल वापरली जाते. जुन्या लॅपटॉपवर याचा फरक लगेच दिसतो.

4. आता कच्ची जोडणी. हव्या त्या क्लिप क्रमाने टाइमलाइनवर ठेवा. या टप्प्यावर नावं, रंग, इफेक्ट काहीच नको.

5. मग छाटणी. शॉटकटमध्ये एस दाबलं की क्लिप त्या जागी कापली जाते. जे, के, एल या तीन बटणांनी मागे, थांब, पुढे होतं. एक तासाच्या फुटेजमधून आठ-दहा मिनिटं काढलीत तर पाहुणे शेवटपर्यंत बसून बघतील. तीस मिनिटं ठेवलीत तर बिर्याणीची वेळ झाली म्हणून उठतील!

6. त्यानंतर आवाज, मग रंग, मग अक्षरं, आणि सगळ्यात शेवटी एक्सपोर्ट. हा क्रम उलटा केला तर एकच काम दोनदा करावं लागतं.

आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. ऑटोसेव्ह चालू ठेवा आणि तरीही दर दहा मिनिटांनी कंट्रोल एस दाबा. डेस्कटॉप असेल तर छोटा यूपीएस लावा. मे महिन्यात लॅपटॉप गादीवर ठेवून एक्सपोर्ट करू नका. खालची हवा बंद होते, मशीन तापतं आणि काम रेंगाळतं. फजरनंतरचा थंड वेळ या कामाला उत्तम.

आवाजाकडे जास्त लक्ष द्या

चित्र थोडं हललं तर लोक सांभाळून घेतात. आवाज ऐकू आला नाही तर मात्र व्हिडिओ बंद करतात. बोलण्याच्या आवाजाचा काटा सर्वात मोठ्या ठिकाणी उणे 6 डेसिबलच्या आसपास राहू द्या, शून्याला टेकला की आवाज फाटतो. आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. कूलरची घरघर कमी करता येते, पण जास्त साफ करायला गेलं तर माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. सोपा उपाय म्हणजे रेकॉर्ड करतानाच पाच मिनिटं कूलर बंद ठेवा आणि दुसरा मोबाइल बोलणाऱ्याच्या जवळ ठेवून आवाज वेगळा घ्या. सुरुवातीला एक टाळी वाजवा. टाइमलाइनवर दोन्ही आवाजांतली टाळी जुळवली की बाकीचं आपोआप जुळतं.

पार्श्वभूमीला कुठल्याही मशहूर नातख्वाँची नात लावली तर यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो. त्यापेक्षा घरातल्या मुलीने, मुलाने म्हटलेली हम्द रेकॉर्ड करा. वीस वर्षांनी तीच सर्वात मौल्यवान वाटेल.

उर्दू आणि मराठी अक्षरं तुटतात, तेव्हा

नवीन सॉफ्टवेअर टाकल्यावर आधी चाचणी घ्या. मराठीत "श्री, क्षमा, विद्यार्थी" लिहून बघा. उर्दूत एक पूर्ण वाक्य लिहा. हरफ एकमेकांना जोडलेले आणि उजवीकडून डावीकडे आले पाहिजेत. हरफ सुटे-सुटे किंवा उलटे दिसले तर त्या सॉफ्टवेअरमध्ये टायटल बनवू नका. लिब्रेऑफिस किंवा इंकस्केपमध्ये टायटल बनवा, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल काढा आणि ती वरच्या ट्रॅकवर ठेवा.

फॉन्ट युनिकोडच घ्या: उर्दूसाठी नोटो नस्तालीक उर्दू, मराठीसाठी मुक्ता. दोन्ही मोफत आहेत. जुन्या इनपेज किंवा कृतिदेवमधला मजकूर सरळ पेस्ट केला तर भलतीच अक्षरं येतात. नस्तालीक तिरपी उतरते, म्हणून ओळीच्या वर आणि खाली जास्त जागा सोडा, नाहीतर नुक्ते कापले जातात. सबटायटलची एसआरटी फाइल सेव्ह करताना "यूटीएफ-8" निवडा.

कात्री चालवताना जबाबदारी

तिलावत कापायची असेल तर आयत पूर्ण झाल्यावरच कापा. मध्येच तोडलं तर अर्थ बदलू शकतो. पडद्यावर आयत लिहिली असेल तर एक्सपोर्टच्या आधी हाफिज़ साहेबांना दाखवा, कारण कॉपी-पेस्ट करताना एराब गळून जातात.

बयानाचंही तेच. तासाभराच्या बयानातले तीस सेकंद काढले की बोलणाऱ्याचं म्हणणं उलटंही होऊ शकतं. 2018 साली मुलं पळवणाऱ्या टोळीचा म्हणून एक व्हिडिओ देशभर फिरला. तो मुळात कराचीतला, पालकांना सावध करणारा जनजागृतीचा व्हिडिओ होता. मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात तो शेवट कोणीतरी कापला होता. त्याच वर्षी 1 जुलैला आपल्या महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवण्याच्या अफवेवरून भटक्या समाजातल्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. एका कटाने खरा व्हिडिओ खोटा होतो, हे मुलांना एडिटिंग शिकवतानाच सांगा. तुम्ही स्वतः छोटी क्लिप टाकलीत तर तिच्यावर तारीख, जागा आणि पूर्ण व्हिडिओ कुठे आहे ते लिहा.

निकाहच्या व्हिडिओच्या दोन आवृत्त्या काढा, एक घरातली आणि एक सगळ्यांना पाठवायची. दुसऱ्या आवृत्तीत ज्या बहिणींची, खालाजानची परवानगी नाही त्यांचे शॉट ठेवू नका. चेहरा धूसर करण्यापेक्षा शॉट काढून टाकणं जास्त सुरक्षित. एडिटिंग बाहेर दुकानात दिलं असेल तर काम झाल्यावर तिथलं फुटेज डिलीट करायला सांगा, आणि ते आपल्या समोर करून घ्या.

एक्सपोर्ट

एमपी4 फाइल, एच.264, 1080पी, आणि फ्रेमरेट फुटेजचा असेल तोच. बिटरेट 8 एमबीपीएस ठेवलात तर एका सेकंदाला 1 एमबी होतो, म्हणजे दहा मिनिटांचा व्हिडिओ साधारण 600 एमबी. बहुतेक घरगुती कामाला एवढं पुरेसं आहे. पेनड्राइव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल जात नसेल तर पेनड्राइव्ह खराब नाही. तो एफएटी32 पद्धतीचा आहे. आतलं सगळं दुसरीकडे काढून त्याला "एक्सफॅट" करा. फाइल तयार झाल्यावर ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा आणि मगच ग्रुपवर टाका.

पहिलं काम म्हणून मोठा निकाह हातात घेऊ नका. येत्या रविवारी घरातल्या सर्वात वयस्कर माणसासमोर मोबाइल ठेवा आणि तीन प्रश्न विचारा: तुमचं गाव कोणतं, शाळा कुठे होती, निकाह कसा झाला? वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग होईल. त्यातून पाच मिनिटांचा व्हिडिओ बनवा. इन्शाअल्लाह दोन-तीन संध्याकाळींत होऊन जाईल. बाकी पंधरा मिनिटं मात्र "मूळ" फोल्डरमध्ये जपून ठेवा. आज जे बोलणं आपल्याला लांबण वाटतं, तेच उद्या नातवंडांना ऐकायचं असेल.