व्हिडिओ जास्तच पांढरा पडलाय? एडिटिंगमध्ये असा सावरा

घरच्या हळदीचा व्हिडिओ भर दुपारी अंगणात शूट केला आणि नंतर बघतो तर काय, नवरीचा चेहरा, मागचं आकाश, सगळं पांढरंफटक! हळद काही पुन्हा लागणार नाही, म्हणजे आहे तोच व्हिडिओ वाचवायचा. यालाच ओव्हरएक्सपोज होणं म्हणतात.

आधी ही टेस्ट करा

एडिटिंग ॲपच्या ॲडजस्टमध्ये एक्सपोजर किंवा ब्राइटनेस एकदम खाली ओढा. पांढऱ्या भागात साडीची नक्षी किंवा ढग दिसू लागले, तर व्हिडिओ सुधारेल. तो भाग नुसताच करडा झाला, तर तिथला तपशील रेकॉर्डच झालेला नाही. साध्या ८ बिट व्हिडिओत प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ अशा पायऱ्या असतात. उजेड जास्त झाला की पिक्सेल वरच्या टोकाला अडकतात आणि त्यांच्यातला फरक पुसला जातो. तो कोणतंच ॲप खरा परत आणू शकत नाही.

आता दुरुस्ती

१. मूळ फाइलच घ्या. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून आलेली क्लिप कॉम्प्रेस झालेली असते, ती लवकर फाटते.

२. आधी हायलाइट्स कमी करा. यामुळे मुख्यतः उजळ भागच खाली येतो.

३. मग एक्सपोजर थोडंसं कमी करा. चेहरा काळवंडला तर शॅडोज जरा वाढवा.

४. चित्र फिकट वाटलं तर कॉन्ट्रास्ट आणि सॅच्युरेशन हलक्या हाताने वाढवा.

५. पांढरा भाग करडा दिसायला लागला की थांबा, एक पाऊल मागे या. मळकट करड्यापेक्षा स्वच्छ पांढरं बरं दिसतं.

आकाश पूर्ण गेलंच असेल, तर क्रॉप करून चेहरा जवळ घ्या किंवा तो शॉट छोटा ठेवा. कॉम्प्युटर असेल तर दाविंची रिझॉल्व्हची फ्री आवृत्ती वापरा. त्यातल्या वेव्हफॉर्ममध्ये उजेड कुठे वरच्या रेषेला चिकटलाय ते स्पष्ट दिसतं.

पुढच्या वेळी

शूट करताना स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा. बऱ्याच फोनमध्ये एक्सपोजर लॉक होतं आणि सूर्याचं चिन्ह येतं. ते थोडं खाली ओढा. किंचित काळसर व्हिडिओ नंतर उजळता येतो, पांढरा पडलेला मात्र हातातून गेलेला असतो.