पळता पळता गणित



कृषी खात्याचा माणूस शाळेच्या गणितावर का लिहितो, असे तुम्हाला वाटेल. कारण सांगतो. मुरुड भागात फिरताना एका शेतकऱ्याचे करपलेले सोयाबीन पाहिले. औषधाच्या बाटलीवर १० लिटर पाण्यास २० मिली असे प्रमाण होते. पंप १५ लिटरचा, म्हणजे औषध ३० मिली हवे. त्यांनी अंदाजाने बाटली तिरपी केली. सातवी शिकलेले गृहस्थ. म्हणाले, "साहेब, त्रैराशिक शाळेत केलं होतं, पण ते वहीतच राहिलं."

त्याच घरी तिसरीतला मुलगा होता. विटीदांडू खेळताना दांडूने अंतर मोजून 'वकट, लेंड, मुंड' म्हणत बिनचूक डाव सांगणारा. पण पाटीवर ५२ वजा १७ दिले की रडवेला. हे वकट, लेंड, मुंड म्हणजे तेलुगूतल्या ओकटि, रेंडु, मूडु या आकड्यांशीच जुळणारी नावे. पोर खेळता खेळता दुसऱ्या भाषेतले आकडे शिकते, मग शाळेतले का अडते? कारण तिथे त्याचे हातपाय बांधलेले असतात.

ही गोष्ट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार पूर्वी ओळखली. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले गुरांमागे रानात जात, म्हणून शाळाच कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यांचा धडा आजही खरा आहे.

आता तीन खेळ सांगतो. खर्च काही नाही.

पहिला, उडीचा. अंगणात फक्कीने सरळ रेघ मारून ० ते २० आकडे सारख्या अंतरावर लिहा. मूल ७ वर उभे करा. "पाच पुढे!" म्हटले की उड्या मारत ते १२ वर पोचते. "तीन मागे!" म्हटले की ९ वर. बेरीज पुढे नेते, वजाबाकी मागे आणते, हे त्याच्या पायांनाच कळते.

दुसरा, टोळ्यांचा. मुले गोल धावतात. गुरुजी ओरडतात, "चार-चार!" २६ मुले असतील तर सहा टोळ्या होतात आणि दोघे उरतात. हाच भागाकार, आणि उरलेले दोघे म्हणजे बाकी. त्या दोघांना खेळाबाहेर काढू नका. पुढचा आकडा त्यांनाच पुकारू द्या. नाहीतर कच्चे पोर दर वेळी बाहेर बसते आणि कच्चेच राहते.

तिसरा, काड्यांचा. तुराटीच्या बारीक काड्यांच्या दहा-दहांच्या जुड्या बांधा, काही सुट्या ठेवा. "चौतीस!" म्हटले की धावत जाऊन तीन जुड्या आणि चार काड्या आणायच्या. आपल्या भाषेत 'चौ' आधी आणि 'तीस' नंतर ऐकू येते. लिहिताना मात्र ३ आधी. म्हणून मुले ३४ चे ४३ करतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली, ती याच अडचणीसाठी. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यावर राज्यभर वाद झाला. वाद काही असो, जुडी हातात आली की मुलाला दशक दिसतो. आणि ५२ मधून १७ काढायचे असतील तर एक जुडी सोडावी लागते, हेही त्याला आपोआप उमगते. 'हातचा' तो हाच.

मात्र एक लक्षात ठेवा. नुसत्या धावण्याने गणित येत नाही. खेळ संपला की तेच उदाहरण पाटीवर लिहून घ्यावे. पाढेही पाठ हवेतच. खेळ म्हणजे मशागत. पेरणी आणि खुरपणी पुढे करावीच लागते.

पालकांनो, "शाळेत नुसते खेळवतात" अशी तक्रार घेऊन गुरुजींकडे जाऊ नका. उलट तुराट्यांची मोळी पाठवा. घरी रास झाली की पोती मुलांना मोजू द्या, आडतीची पट्टी मुलीच्या हाती देऊन हिशेब तपासायला सांगा. उद्या काट्यावर आणि फवारणीच्या पंपापाशी तीच उभी राहणार आहेत. तेव्हा गणित वहीत राहून चालणार नाही.