मानसिक आरोग्यसेवा, विद्यापीठीय

विद्यापीठे, महाविद्यालये व तत्सम उच्च शिक्षणसंस्था यांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचे संवर्धन करणे, अडचणीच्या वेळी त्यांना समुपदेशन व आवश्यक तेथे मनोविकारचिकित्सा उपलब्ध करून देणे आणि आत्महत्येस प्रतिबंध करणे, यांसाठी असलेली संघटित व्यवस्था. भारतात ही व्यवस्था दीर्घकाळ संस्थाचालकांच्या इच्छेवर अवलंबून होती. ती शासनाचे व संस्थेचे कर्तव्य होय, ही भूमिका विधी व न्यायनिर्णय यांतून अलीकडेच स्पष्ट झाली. ते पार पाडण्यासाठी लागणारी माणसे मात्र अद्याप पुरेशी नाहीत.

उच्च शिक्षणाचा काळ सामान्यतः सतराव्या-अठराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंतचा असतो. छिन्नमानस, उद्दीपन-अवसाद यांसारख्या विकृतींची पहिली लक्षणे पुष्कळदा याच वयात दिसतात. तथापि मदतीची गरज असलेले बहुसंख्य विद्यार्थी मनोरुग्ण नसतात. त्यांची अडचण समायोजनाची असते. मराठी माध्यमातून शिकून तालुक्याच्या गावाहून आलेल्या विद्यार्थ्यास इंग्रजीतील व्याख्याने समजत नाहीत. शाळेत पहिला येणारा येथे मागे पडतो. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबतो आणि खाणावळीचे पैसे थकतात. जातीवरून टोमणे ऐकावे लागतात. अशा विद्यार्थ्यास मन खंबीर ठेवण्याचा उपदेश करून काही साधत नाही. शिष्यवृत्ती वेळेवर देणे हाही मानसिक आरोग्यसेवेचाच भाग मानावयास हवा.

राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्राच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते व ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. या आकड्यांत शालेय व महाविद्यालयीन विद्यार्थी एकत्र मोजलेले असल्याने विद्यापीठीय प्रश्नाची व्याप्ती त्यांवरून नेमकी कळत नाही.

कायद्याची पूर्वीची दृष्टी दंडात्मक होती. भारतीय दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले; सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसाच निर्णय दिला, परंतु १९९६ मध्ये घटनापीठाने तो फिरविला. गुन्ह्याच्या या शिक्क्यामुळे वसतिगृहातील असा प्रसंग दडवून ठेवण्याकडे कल राही, आणि ज्याला उपचारांची सर्वांत अधिक निकड असे तोच त्यांपासून दुरावे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून) याच्या ११५ व्या कलमाने ही दृष्टी पालटली. असा प्रयत्न करणारी व्यक्ती, विरुद्ध सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, तिला शिक्षा होऊ नये आणि तिची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन शासनाने करावे, अशी त्यात तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मूळ कलम वगळले असून केवळ लोकसेवकावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न दंडनीय राहिला आहे.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये व त्याअंतर्गत जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. जिल्हा कार्यक्रमात महाविद्यालयीन समुपदेशनाचा अंतर्भाव पुढे करण्यात आला. कोविडच्या साथीत, जुलै २०२० मध्ये, केंद्रीय शिक्षण खात्याने ‘मनोदर्पण’ हा उपक्रम हाती घेतला. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही अहोरात्र दूरध्वनी सेवा (क्रमांक १४४१६) मराठीसह अनेक भाषांत मिळू लागली. दूरध्वनी सेवा अल्प खर्चात दूरवर पोहोचते व नाव न सांगता बोलता येते, हे तिचे गुण होत. पण महिनोन्‌महिने चालणाऱ्या समुपदेशनाची जागा ती घेऊ शकत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये विद्यार्थ्यांचे शारीरिक व मानसिक स्वास्थ्य यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. त्यांत विद्यार्थी सेवा केंद्रांची कल्पना मांडली आहे. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंधक धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्येने होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली उच्च शिक्षणसंस्थांसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्याच वर्षी २५ जुलैच्या निर्णयाने मानसिक आरोग्य हे घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचे अंग असल्याचे सांगून, १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता असावा, असा आदेश दिला. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ञांशी संपर्कव्यवस्था ठेवावयाची आहे.

हजारो विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयातही एकाच समुपदेशकाने या आदेशाची शब्दशः पूर्तता होते, हे उघड आहे. त्यातही एखाद्या प्राध्यापकाकडेच हे काम सोपविले, तर विद्यार्थी त्याच्याकडे फिरकत नाही. जो उद्या गुण देणार किंवा शिस्तपालन समितीत बसणार, त्याच्यापुढे मन मोकळे करणे कोणासही अवघडच. अधिनियमाच्या २३ व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असल्यास त्याला अपवाद आहे. पालकांना केव्हा कळवावे, हा प्रश्न मात्र प्रत्यक्ष कामात वारंवार उद्‌भवतो व त्यासाठी संस्थेने लेखी नियम आधीच केलेले असणे इष्ट असते. अधिनियमाच्या ३१ व्या कलमानुसार अंमल सुरू झाल्यापासून दहा वर्षांत, म्हणजे २०२८ पर्यंत, लोकसंख्येच्या प्रमाणात आंतरराष्ट्रीय निकषांइतके मानसिक आरोग्य व्यावसायिक उपलब्ध करण्यासाठी शासनाने प्रयत्न करावयाचे आहेत.