पिरारारा घरी येतो तेव्हा

सात वर्षांपूर्वी मुलीच्या नवव्या वाढदिवसाला मी एक मासा विकत आणला. करंगळीएवढा, फार तर 6 सेंटिमीटरांचा. काळसर पाठ, कुशीवर पांढरा पट्टा, शेपटीला लालसर झाक आणि तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या. "रेडटेल कॅटफिश," दुकानदार म्हणाला, "टाकी जेवढी, मासा तेवढाच वाढतो." आमची टाकी 4 फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे सुमारे 250 लिटरची. करंगळीएवढ्या जिवाला तो राजवाडाच, असे मला वाटले. मुलीने त्याचे नाव ठेवले मिशाळ.

दुकानदाराचे ते वाक्य मत्स्यपालनाच्या छंदातले सर्वांत महागात पडणारे वाक्य आहे, हे मला पुढे कळले. ते साफ खोटेही नाही, म्हणून जास्त फसवे. लहान टाकीत मासा खरोखरच कमी वाढतो. पण साचलेल्या मैल्यामुळे, अपुऱ्या हालचालीमुळे. कणा वाकतो, प्रतिकारशक्ती खालावते आणि मासा आपल्या आयुष्याची निम्मी वर्षेही न काढता मरतो. कुंडीत लावलेल्या वडाचे बोन्साय होते, तसे माशाचे होत नाही. तो लहान दिसतो तेव्हा आजारी असतो.

मिशाळच्या कुळाची ओळख मी उशिरा करून घेतली. ॲमेझॉन, ओरिनोको आणि एसेकिबो ही त्याची खोरी. ब्राझीलमध्ये त्याला पिरारारा म्हणतात. तुपी भाषेत 'पिरा' म्हणजे मासा आणि 'अरारा' म्हणजे मकाव पोपट. लाल शेपटीमुळे हे नाव शोभतेही. पूर्ण वाढलेला पिरारारा सव्वा मीटरच्या पुढे जातो आणि त्याचे वजन 40 किलो ओलांडते. गळाने पकडलेल्या एकाचे वजन 56 किलो भरल्याची नोंद आहे. हे घराणे जुनेही आहे: व्हेनेझुएलातल्या उरुमाको इथे त्याच्याच प्रजातीचे मायोसीन काळातले, म्हणजे काही दशलक्ष वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले आहेत.

शास्त्राच्या दफ्तरात त्याची पहिली नोंद झाली 1801 मध्ये, ब्लॉख आणि श्नायडर यांच्या ग्रंथात, 'सिलुरस' या प्रजातीखाली. गंमत अशी, की कुठे शिवडा तर कुठे पहाडी म्हणून ओळखला जाणारा आपल्याकडचा मोठ्या तोंडाचा शिकारी मासाही त्याच ग्रंथात, त्याच 'सिलुरस'खाली पहिल्यांदा नोंदला गेला. पुढे दोघांची घराणी वेगळी ठरली. पण त्या जर्मन विद्वानांना दोघांत साम्य दिसले, यात नवल नाही. रुंद चपटे डोके, मिशा, रात्रीचा संचार आणि अमर्याद भूक.

या भुकेचा अनुभव आम्हांला तिसऱ्याच आठवड्यात आला. टाकीत सहा एंजल मासे होते. एका सकाळी चार उरले, नंतर दोन. भांडण नाही, खवले विखुरलेले नाहीत. पिरारारा चावा घेत नाही. तो जबडा एकदम उघडतो, आतल्या पोकळीत पाणी धावते आणि त्या ओढीबरोबर भक्ष्यही आत जाते. बारीक दातांच्या पट्ट्या ते फक्त धरून ठेवतात. त्यामुळे 'कोणता मासा याच्याबरोबर राहील?' या प्रश्नाला एकच उत्तर आहे: ज्याची रुंदी याच्या तोंडापेक्षा जास्त तो, आणि तोही आजपुरता. एकदा त्याने तळातला सुपारीएवढा गोटा गिळला आणि दुसऱ्या दिवशी ओकून टाकला. मी तळातली सगळी खडी काढून टाकली.

खाणे द्यायला मजा येते, आणि तिथेच चूक होते. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पाणी वर्षातून एकदा दहा-दहा मीटर चढते, रानात शिरते आणि हा मासा मासे-खेकड्यांबरोबर गळून पडलेली फळेही खातो. भरपूर मिळेल तेव्हा पोटभर, नाही तर उपास, अशी त्याची घडण. आम्ही त्याला रोज कोळंबी चारत होतो, वर कोंबडीचे तुकडे. कोंबडीची चरबी माशाला पचत नाही. लहानपणी दररोज थोडे, मोठेपणी आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, हाच खरा हिशेब.

खाल्लेल्याचा अमोनिया होतो. गाळणीतले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन जीवघेणी, तिसरे बरेच सौम्य. नायट्रेट काढायचे तर पाणीच बदलावे लागते. मिशाळ फूटभर झाला तेव्हा मी आठवड्यातून तीनदा निम्मी टाकी उपसत होतो. सोसायटीत टँकरने पाणी येई त्या उन्हाळ्यात बायको काही बोलली नाही. ते न बोलणे मला पुरेसे होते.

चौदाव्या महिन्यात तो 45 सेंटिमीटरांचा झाला. टाकीची रुंदीही 45 सेंटिमीटर. म्हणजे वळायचे तर त्याला अंग दुमडावे लागे, आणि प्रत्येक वळणाला नाक काचेवर घासे. नाकावरची कातडी सोलवटली. त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली.

विकत घ्यायला कोणी तयार नव्हते. ज्यांच्याकडे मोठ्या टाक्या होत्या, त्यांच्याकडे आधीच असे 'दत्तक' मासे होते. सासवडजवळ राहणारा माझा मेहुणा म्हणाला, "दाजी, सोडा की आमच्या शेततळ्यात. मोठा होईल, मजेत राहील." मला दोन दिवस हेच उत्तर वाटत होते. पण पावसाळ्यात शेततळे तुडुंब भरून वाहते. ते पाणी ओढ्याला, ओढा कऱ्हेला, कऱ्हा नीरेला आणि नीरा भीमेला मिळते.

हे भय काल्पनिक नाही. काचेवरचे शेवाळ खातो म्हणून घेतलेला 'सकर' हाही दक्षिण अमेरिकेतलाच मिशीवाला. मोठा झाल्यावर लोकांनी तो तळ्या-नद्यांत सोडला आणि आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांत त्याने बस्तान बसवले आहे. 2018 च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर केरळच्या नद्यांत ॲमेझॉनचा महाकाय अरापैमा जाळ्यांत सापडला. पुराने कुणाचे तरी तलाव फोडले होते.

आणि आपल्या नद्यांत गमावण्यासारखे काय आहे? कर्नल साइक्सने 1839 मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात खुद्री महसीर आहे, आणि कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांतच राहणारा एक शिकारी मिशीवालाही आहे. साइक्सने या दुसऱ्याला 'एजेनिओसस' या दक्षिण अमेरिकेच्या प्रजातीत घातले होते! ती चूक नंतर दुरुस्त झाली. हा मासा आता धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. बंधारे, सांडपाणी आणि उपसा यांनी आधीच बेजार झालेल्या त्याच्या पाण्यात मी आणखी एक शिकारी सोडणार होतो.

शेवटी मेहुण्याच्या गोठ्याशेजारी, पत्र्याखाली, सिमेंटचा हौद बांधला. 12 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट खोल. साधारण 6000 लिटर. त्याचे सांडपाणी ओढ्याला न जाता उसाच्या सरीत जाते, आणि नळाच्या तोंडाशी बारीक जाळी आहे. भिंतींना थर्माकोल लावला, कारण तिथे थंडीत पारा दहाच्या खाली येतो आणि या माशाला थंड पाणी मानवत नाही. हीटर भोके पाडलेल्या जाड पाइपात ठेवावे लागतात. पहिला त्याने शेपटीने फोडला होता. या सगळ्याचा खर्च माशाच्या किमतीच्या किती पट झाला, ते मी घरी सांगितलेले नाही.

मिशाळ आता 80 सेंटिमीटरांच्या पुढे आहे. मी हौदाशी गेलो की तो वर येतो, कधी खटखट असा आवाज काढतो. हे मासे पंधरा वर्षांहून अधिक जगतात. पुढच्या वर्षी मुलगी शिकायला बाहेरगावी जाईल. मेहुण्याने यंदा गोठ्याचे पत्रे बदलले, हौदावरचे आधी.