नामांतराचा वाद व त्यापासून घ्यावयाचा बोध

गावातील एखाद्या शाळेचे नाव बदलावयाचे ठरले की, जे गृहस्थ तिच्या गळक्या छपराबद्दल वर्षानुवर्षे चकार शब्द काढीत नाहीत, तेही एकाएकी जागे होतात. अर्ज होतात, सभा भरतात, प्रसंगी दुकानेही बंद राहतात. हा नुसता पाटीचा पोरकट वाद आहे, असे म्हणून कित्येक शहाणे लोक त्याकडे पाठ फिरवितात. आमच्या मते हे शहाणपण नव्हे. सार्वजनिक विद्यालय सर्वांच्या पैशावर चालते. त्याच्या दारावर कोणाचे नाव असावे, या प्रश्नाच्या पोटात ते दार कोणाकोणाचे आहे, हा प्रश्न दडलेला असतो. याचे सर्वांत मोठे व सर्वांत दुःखद उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडून गेले आहे.

मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे स्थापन झाले. त्यापूर्वीच, १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्याच शहरात महाविद्यालय काढले होते. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता व तेथे उच्च शिक्षणाची सोय फार तोकडी होती. अशा मुलखात ज्या पुरुषाने विद्येचे रोप लावले, त्याचे नाव तेथील विद्यापीठास द्यावे, ही मागणी न्यायाचीच होती. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव संमत केला.

विरोधी पक्षाचे म्हणणेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्या पक्षात गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे, निजामाच्या राजवटीशी झुंजलेले पुढारी होते. ‘मराठवाडा’ हे नाव केवळ भूगोलाचे नाही, ते मुक्तिसंग्रामाने मिळविलेले आहे व ते पुसले गेल्यास या उपेक्षित प्रदेशाची ओळखच पुसली जाईल, असे त्यांस वाटत होते. या भावनेस आम्ही क्षुद्र म्हणत नाही. शब्दाचे उत्तर शब्दाने दिले जाते तोवर असा विरोध हा नागरिकाचा हक्कच होय.

परंतु उत्तर शब्दांनी दिले गेले नाही. ठराव होताच मराठवाड्यात दंगल उसळली आणि तिची झळ विद्यापीठाच्या पटांगणापेक्षा खेड्यांतील दलित वस्त्यांस अधिक लागली. घरे जळाली, कुटुंबे गाव सोडून परागंदा झाली, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांचे प्राण गेले. आता सुज्ञ वाचकांनीच विचार करावा. ज्या शेतमजुराच्या घरातून कोणी विद्यापीठाची पायरी चढले नव्हते, त्याची झोपडी पेटविल्याने मराठवाड्याच्या अस्मितेचे कोणते रक्षण झाले? येथे भांडण नावाचे उरले नव्हते. काल गावाबाहेर उभा राहणारा मनुष्य आज बरोबरीने मान मागू लागला, ही गोष्ट कित्येकांस सोसवली नाही. नाव हे केवळ निमित्त झाले.

सरकारच्या वर्तनाविषयीही स्पष्ट बोलणे भाग आहे. सभागृहाच्या ठरावाने इच्छा प्रकट होते, पण विद्यापीठाचे नाव बदलते ते कायद्याने. ठराव एका दिवसात झाला, आणि दंगलीचे कारण पुढे करून कायदा मात्र लांबणीवर टाकण्यात आला. एका मंत्रिमंडळाने हा विषय दुसऱ्याच्या ओटीत टाकावा, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, असे पंधरा वर्षे चालले. आग लावली असता न्याय थांबतो, हा धडा यातून दंगेखोरांस मिळाला. कायद्याने चालणाऱ्या समाजास याहून घातक शिकवण दुसरी नाही. दरम्यान १९७९ साली नागपूरहून लाँग मार्च निघाला, सत्याग्रह झाले, तुरुंग भरले आणि १९९३ साली नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी स्वतःस जाळून घेतले.

अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे नाव झाले. जुने नाव राहिले व नवे त्यास जोडले गेले, म्हणून यास नामविस्तार म्हणतात. त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेडला नवे विद्यापीठ निघाले व त्यास स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव मिळाले. आमच्या व्यापारी वाचकांस यातील मर्म लवकर उमगेल. पेढीत नवा भागीदार आला की पाटीवर त्याचे नाव चढते. म्हणून मूळ मालकाची पत बुडत नाही, उलट पेढीचा विश्वास वाढतो. नामविस्तारानंतर मराठवाडा नकाशावरून नाहीसा झाला नाही, की त्याच्या स्वातंत्र्यलढ्याची स्मृतीही लोपली नाही. मग हीच तडजोड १९७८ साली का सुचू नये? ती सुचण्यास जी साडेपंधरा वर्षे लागली, त्यांची किंमत ज्यांनी भरली त्यांची घरे ना सभागृहात होती, ना संपादकांच्या कचेरीत.

यावरून लहानमोठ्या गावांनी काय शिकावे? नगरपालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या शाळेचे नाव बदलावयाचे असेल, तर प्रथम सर्व वस्त्यांतील पालकांस एकत्र बोलवावे, केवळ चावडीवरच्या नेहमीच्या मंडळींस नव्हे. जुन्या नावामागे काही खरी स्मृती असेल, तर ती राखण्याचा मार्ग काढावा. एकदा निर्णय झाला की तो धमकीपुढे मागे घेऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, विरोध करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या मनास एकान्तात विचारावे की, आपणांस जुने नाव प्रिय आहे की नव्या नावाचा मनुष्य अप्रिय आहे? पहिले असेल तर त्याने सभेत अवश्य बोलावे. दुसरे असेल, तर बदल पाटीत नव्हे, त्याच्या स्वतःच्या मनात व्हावयास हवा.

थोर पुरुषाचे नाव घेतल्याने शाळा थोर होत नाही, हे आम्हांस मान्य आहे. तेथे शिक्षक हवेत, पुस्तके हवीत, वसतिगृहे हवीत. पण ज्या मुलाच्या आजोबांस शाळेच्या ओसरीबाहेर बसून धडे ऐकावे लागले, तो मुलगा दारावर आपल्या उद्धारकर्त्याचे नाव वाचून ताठ मानेने आत शिरत असेल, तर ती पाटी लाकडाचा तुकडा आहे, असे कोणी म्हणू नये. शिक्षणाचा पहिला धडा तो तेथेच, दारात, शिकत असतो.