युरियाच्या गोणीतला कार्बन डायऑक्साइड

हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून त्यापासून रसायने तयार करण्याच्या बातम्या हल्ली येतात. हर्णेच्या एका बागायतदारांनी विचारले, ‘आपल्या खाचराशी याचा काय संबंध?’ संबंध आहे. कार्बन डायऑक्साइडपासून बनलेले एक रसायन तुमच्या पडवीतच पडलेले असते: युरिया.

अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांचा मोठ्या दाबाखाली संयोग करून युरिया बनवतात. अलिबागजवळ थळ येथील आरसीएफच्या कारखान्यातही हेच होते. ४५ किलोच्या गोणीत सुमारे ३३ किलो कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो. मात्र तो हवेतून घेतलेला नसतो. नैसर्गिक वायूपासून अमोनिया तयार करताना तो निघतो.

हवेतून का घेत नाहीत? हवेच्या दहा हजार भागांत हा वायू जेमतेम चार भाग असतो. तरी पकडणे अशक्य नाही. भिंतीला दिलेला चुना हवेतला हाच वायू शोषून कडक होतो. पण तो वायू परत मोकळा करायचा, तर चुन्यासाठी शिंपल्या भाजतात तशी भट्टी पेटवावी लागते. खरा खर्च या उष्णतेचा आहे, आणि त्यासाठी कोळसा जाळला तर मिळवलेले तिथेच जाते. मुंबईच्या आयआयटीत या विषयावर राष्ट्रीय केंद्र आहे. तूर्त शेतावर बसवायचे असले यंत्र कोणी विकायला आले, तर पैसे अडकवू नका.

तुमच्या हातात आहे तो युरिया. जमिनीतील युरिएज विकर त्याचे विघटन करते, बांधलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि अमोनिया उरतो. युरिया वर फेकलेला असेल, तर यातला बराच अमोनियाही उडून जातो. उरलेले नत्र कोकणातला पाऊस वाहून नेतो.

म्हणून भाताला युरिया-डीएपी ब्रिकेट द्या. चारसूत्री पद्धतीत १५ व २५ सें.मी. अंतर आलटून-पालटून ठेवून लावणी करतात. चार चुडांच्या चौकोनात मधोमध २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट, ७ ते १० सें.मी. खोल, लावणीच्या दिवशीच खोचा. वाकून खोचायला माणसे लागतात, हे खरे. दोरी धरून लावणी केली असेल तर काम बरेच लवकर उरकते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेली कोकण अन्नपूर्णा ब्रिकेटही याच प्रकारची आहे. पिशवी बांधावर उघडी ठेवू नका. पावसाळी हवेत ब्रिकेट ओल धरतात.